मयूर विहारातले दोन ब्राझीलकर

पाहुणा चार दिवस राहिला तर आठवण उरते, दोन वर्षं राहिला तर किस्से! आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधली मागची खोली आम्ही ब्राझीलहून एम.ए. करायला आलेल्या लारिसाला दिली. तिचा वर्गमित्र थियागो राहायचा पलीकडच्या पॉकेटमध्ये, म्हणजे शेजारच्या वसाहतीत, पण जेवायला आमच्याकडेच. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दिल्लीतच वाढलेली आमची सई. ऑफिसात लंचला मी सुरू झाले की सगळे म्हणतात, "यार, तू बनवून सांगतेस!" बिल्कुल नाही हो!

*

पहिल्याच आठवड्यात सासूबाई सईला म्हणाल्या, "बटाटे आण गं. आणि ती चावी दे."

सईचं डोकं मोबाइलमध्ये. उठली लारिसा! बटाट्यांची टोपली आणली, खुंटीवरची चावी काढून हातात दिली. पोर्तुगीजमध्येही 'बताता' आणि 'शावी'च म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सई वैतागली. "आजी, आलू बोल ना, चाबी बोल ना!"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "घरात एकीला तरी मराठी येतं."

*

शेजारच्या सोसायटीबरोबर आमची दरवर्षी फुटबॉलची मॅच असते आणि दरवर्षी आम्ही हरतो. यंदा सेक्रेटरींनी थियागोला न विचारताच कॅप्टन करून टाकलं. ब्राझीलचा आहे म्हटल्यावर विचारायचं काय! तो बिचारा सांगत राहिला, "मी कधी खेळलेलो नाही, मी फिलॉसॉफी शिकतो." लोकांना वाटलं, किती विनयी मुलगा!

मॅचमध्ये त्याने आयुष्यातला पहिला गोल केला. आपल्याच जाळ्यात!

सेक्रेटरी मैदानात धावत आले. "भाई, पहले पासपोर्ट दिखा!"

*

राजमा-चावल पहिल्यांदा खाल्ला तेव्हा थियागोचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे म्हणे रोज हेच, भात आणि बीन्स. राजमा समोरच्या चड्ढा आंटींनी पाठवलेला. त्यांनी प्रेमाने विचारलं, "कैसा लगा, बेटा?" तो भाबडेपणाने म्हणाला, "आंटी, ये तो हमारा है! ब्राझील का!"

आंटी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पातेलंभर राजमा घेऊन दारात उभ्या. "अब खा के बता, किसका है!"

*

थियागो त्यांच्या पद्धतीप्रमाणे भेटेल त्याच्या गालाला गाल लावायचा. सासूबाईंच्या गालाला लावला, तर त्या दोन मिनिटं भिंतीला टेकून उभ्या! मग मीच त्याला शिकवलं, इथे पाया पडायचं. पठ्ठ्याने मनावर घेतलं.

वर्गातली सिमरन त्याला फार आवडायची. तिने एकदा दिल्लीतल्याच द्वारकेला घरी चहाला बोलावलं. हा नवा शर्ट इस्त्री करून गेला आणि आला तो चेहरा पाडून.

"काय झालं रे?"

"तिच्या वडिलांच्या पाया पडलो. आईच्या पडलो. मग आतून सिमरन आली..."

"मग?"

"तिच्याही पडलो!"

*

मागच्या वर्षी लारिसाला डेंगी झाला. प्लेटलेट रोज खाली. तीन दिवस हॉस्पिटल, मग घरी. तिने आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं होतं, ममाला कळता कामा नये. ती तिकडे एकटी असते, घाबरून जाईल. ममाला रोज मेसेज जायचा: परीक्षा आहे, नंतर बोलू.

एक दिवस मी ऑफिसातून लवकर आले. दुपारचे चार. लारिसा गाढ झोपलेली. तिचा फोन वाजून तिची झोप मोडू नये म्हणून सासूबाईंनीच तो उचलला होता. व्हिडिओ कॉल! पडद्यावर लारिसाची आई. तिकडून पोर्तुगीज, इकडून मराठी, आणि मधून मधून कपाळाला हात, रिकामी वाटी अशा खुणा.

"ताप उतरलाय हो. सकाळी वाटीभर पेज प्यायली. मी आहे ना इथे! रडायचं नाही, अहो..."

तिकडची बाई डोळे पुसत मान हलवत होती. मी दारातच उभी. चाळीस मिनिटं चाललं होतं! शेवटी दोघींनी एकमेकींना हात जोडले.

संध्याकाळी लारिसाने उशीला टेकून बसत, केस नीट करून, आईला फोन लावला. सगळं छान आहे सांगायला. पाच मिनिटांत भिंत धरत बाहेर आली.

"ममाला ताप माहीत आहे! पेज माहीत आहे! कोणी सांगितलं?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मी कशाला सांगू? मला कुठे त्यांची भाषा येते!"