हेल्मेट घातलेला गोठा

“मॅडम, हेल्मेटशिवाय आत सोडता येत नाही.”

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने माझ्या हातात पांढरं हेल्मेट आणि चकाकत्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट ठेवलं. मी जनावरांची डॉक्टर आहे. तळेगाव दाभाड्यात माझा दवाखाना आहे. मावळ आणि खेडच्या गोठ्यांतून हिंडण्यात निम्मं आयुष्य गेलं. गायींनी मला लाथा मारल्या त्या गुडघ्यावर. डोक्यापर्यंत आजवर एकीचाही पाय पोचलेला नाही. तरी मी हेल्मेट घातलं. जिथे जनावर आजारी आहे तिथे माणसांशी वाद घालायचा नाही, निदान गेटवर तरी.

गोठा विलासरावांचा. चाकणजवळच्या जुन्या गावातलं शेतकरी घर. जमीन कारखान्यांत गेली तेव्हा आसपासच्या बऱ्याच जणांनी मोठ्या गाड्या घेतल्या. विलासरावांनी पत्रा दाबून भाग काढणारं प्रेसशॉप टाकलं. आज ते मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात आणि चोख पुरवतात. मग त्यांच्या मनात आलं, की जी शिस्त पत्र्याला लागते ती गायीला का लागू नये? आईच्या जुन्या गोठ्यातल्या गायी आणि काही नव्या, अशा पंचवीसेक गायी त्यांनी नव्या शेडमध्ये आणल्या. शेडमध्ये काय नव्हतं! शिफ्ट बदलल्याचा हुटर, भिंतीवर क्वालिटी पॉलिसी, जमिनीवर पिवळ्याधमक रेषा, कामगारांना जॅकेट. फक्त दूध नव्हतं.

“इथे आणल्यापासून दूध तिसऱ्या हिश्शाने उतरलंय मॅडम,” विलासराव म्हणाले. “शनिवारी व्यापारी येतोय. ज्या परफॉर्म करत नाहीत त्या गायी चाकणच्या बाजारात. रविवारी शेडचं उद्‌घाटन आहे, कंपनीचे मोठे साहेब येणारेत. त्यांच्यासमोर भाकड लाइन नको.”

बाजारात जाणाऱ्यांत पहिली होती चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वयाने सगळ्यांत मोठी आणि विलासरावांच्या मते सगळ्यांत हट्टी. तिच्या मानेवर हात ठेवून त्यांच्या आई, हौसाबाई, उभ्या होत्या. चांदणी त्यांच्याच हातावर वाढलेली.

“आन् माजं काय?” त्या म्हणाल्या. “मी बी परफाम करत न्हाई. गुडघं दुखत्यात. मला बी चढव टेंपोत.”

“आई, तू मध्ये बोलू नकोस.”

“मधी कशी? गाय माजी हाय.”

तिथे आणखी एक गृहस्थ होते. भर उन्हाळ्यात टाय. ते पशुखाद्याचे कन्सल्टंट. त्यांनी लॅपटॉपवर मला रंगीत आलेख दाखवले आणि निदान सांगितलं: खनिजांची कमतरता. त्यावर उपाय म्हणजे त्यांच्याच पावडरीचा डबा. डोस एकदा दुप्पट करून झाला होता. दूध उतरतच होतं, म्हणून आता तिप्पट करायचा होता.

खनिजांबद्दल थोडं सांगते. कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, जस्त वगैरे गायीला लागतातच. नुसत्या वैरणीतून ती पुरेशी मिळत नाहीत. म्हणून दुभत्या गायीला रोज मूठभर खनिज मिश्रण आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुशातून द्यावं. मी स्वतः सगळ्यांना सांगते. कमतरता असेल तर गाय बोलून दाखवते: भिंती चाटते, चिंध्या नि प्लास्टिक चघळते, अंगावरचे केस राठ होतात, वेळेवर माजावर येत नाही. इथल्या गायींची कातडी तुकतुकीत होती. भिंत कोणी चाटत नव्हतं. उलट गव्हाणीत आंबोण तसंच पडलेलं. दुप्पट पावडरीने ते इतकं कडू झालं होतं, की गायी त्याला तोंड लावत नव्हत्या.

सकाळचं दूध नुकतंच काढून झालं होतं. मी चांदणीच्या कासेला हात लावला. दूध काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबायला हवी. ही ताठ होती.

“विलासराव, दूध आटलेलं नाही. आत आहे. ती पान्हा चोरतेय.”

पान्हा म्हणजे गायीने आपण होऊन दूध खाली सोडणं. वासराच्या ढुशा, ओळखीचा हात, आंबोणाच्या बादलीचा आवाज, यांनी मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि दूध सडांत उतरतं. पण गाय घाबरली तर भीतीचं संप्रेरक ते दार लावून घेतं. मग मशीन लावा नाहीतर मॅनेजिंग डायरेक्टर लावा, दूध वरच राहतं. आणि रोज दूध वर राहिलं की शरीर समजतं, मागणी नाही; मग बनवणंच कमी करतं.

“म्हणजे माल साठला की लाइन स्लो,” विलासराव म्हणाले.

“तंतोतंत.” हुशार माणसाला समजावणं सोपं असतं, त्याने केलेलं मोडायला लावणं अवघड.

“मग भीतीचं कारण शोधायला कुठली टेस्ट?”

“एक खुर्ची द्या.”

संध्याकाळच्या धारेला मी शेडच्या कोपऱ्यात बसून राहिले. हेल्मेट मांडीवर. कन्सल्टंट महाशयांनी त्याचा फोटो काढला. बहुधा पुरावा म्हणून.

आधी हुटर वाजला. रवंथ करणाऱ्या गायींची तोंडं जागच्या जागी थांबली. शिफ्ट बदलली. कामगारांनी एकाच कामाला चिकटू नये म्हणून त्यांची जागा रोज बदलायची, हा प्रेसशॉपचा नियम इथेही होता. त्यामुळे कासेला रोजच नवा हात. गायी सोडल्या. धारेच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात काळसर करड्या फरशीवर आडवे पिवळे पट्टे होते, माणसांनी सावध व्हावं म्हणून. माणसं खुशाल तुडवत गेली. सावध झाली चांदणी. पहिल्या पट्ट्याशी थबकली, मान खाली घालून फुसफुसली. मागच्या गायी तिच्यावर आदळल्या. नारिंगी जॅकेटवाला ओरडला, दुसऱ्याने शेपटी पिरगाळली. चांदणीने पातळ शेण टाकलं आणि उडी मारून पट्टे पार केले. धारेच्या खोलीत पोचेपर्यंत ती थरथरत होती. तिथे लगेच मशीन.

गायीला दोन्ही बाजूंचं खूप दिसतं, पण समोरच्या जमिनीची खोली पटकन कळत नाही. गडद फरशीवरचा पिवळा पट्टा तिला खड्डा वाटू शकतो. मान खाली घालून, वास घेऊन खात्री करायला तिला वेळ लागतो. तो वेळ इथे कोणी देत नव्हतं. दिवसातून दोनदा, रोज, आपण तिला खड्ड्यात ढकलत होतो.

“मॅडम, प्रेसशॉपमधल्या अशाच रेषांना कस्टमरच्या ऑडिटमध्ये पूर्ण मार्क मिळालेत,” विलासराव म्हणाले.

“कस्टमरकडून. चांदणी ऑडिटला नव्हती.”

कन्सल्टंट पुढे सरसावले. “ताणात खनिजांची गरज वाढते, हे तरी मान्य कराल? आमची स्ट्रेस बोलस गोळी...”

“मान्य आहे,” मी म्हणाले, कारण ते खरं होतं. “पण ताथवड्यातल्या सोसायट्या बघा. गळकी टाकी तशीच ठेवून टँकरवर टँकर मागवतात. आधी गळती बुजवू.”

मी विलासरावांकडे शनिवारपर्यंतची मुदत मागितली. हुटर बंद. जॅकेट बंद, त्याच्या भडक चकाकीला गायी बुजतात. धारेला ठरलेली दोनच माणसं. शेपटीला हात नाही, आवाज नाही. खनिज मिश्रण पुन्हा मूठभर. आणि पट्ट्यांवर शेणकाला.

“शेण? इपॉक्सी पेंटवर?” त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. “रविवारी साहेब येणारेत!”

“गोठ्यातच येणारेत ना?”

हौसाबाईंनी बादली कधी उचलली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत गेले. चांदणीने बोळ शांतपणे पार केला, आणि धारेच्या खोलीच्या दाराशी पुन्हा थांबली. विलासरावांनी माझ्याकडे पाहिलं. कन्सल्टंटनी घड्याळाकडे. मी हेल्मेट काढलं, वाकले, गायीच्या डोळ्याच्या उंचीवर डोकं नेलं आणि तिथून पाहिलं. दारातल्या गटारावरची स्टीलची जाळी. वरच्या ट्यूबलाइटने ती सळसळत्या पाण्यासारखी चमकत होती. उभ्या माणसाला ती दिसतही नव्हती. तिच्यावर जुनी रबराची चटई टाकली. मग सगळे गप्प उभे राहिलो. चांदणीने चटईचा वास घेतला, पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. हौसाबाई आत बसून नुसती बादली वाजवत होत्या.

ती आपल्या पायांनी आत गेली. मशीन लावण्याआधी हौसाबाईंनी कासेवरून हात फिरवला. चांदणीने रवंथ सुरू केला, आणि पारदर्शक नळीत दूध धावताना दिसलं. विलासराव वाकून त्या नळीकडे बघत राहिले. शोरूममधल्या गाडीकडे माणसं बघतात तसे.

दूध एका दिवसात चढत नसतं. शनिवारपर्यंत पूर्ण भरून आलं नव्हतं, पण रोज वाढत होतं आणि धारेनंतर कास मऊ लागत होती. व्यापारी टेंपो घेऊन आला.

“विकायची न्हाई तर मला बोलावलं कशाला, राव?” तो विलासरावांना म्हणाला.

“च्या प्यायला,” हौसाबाईंनीच उत्तर दिलं. टेंपो रिकामा गेला.

रविवारी उद्‌घाटन झालं. गायींपासून लांब, गेटबाहेर. स्पीकर लावू नका एवढं मात्र मी भांडून मिळवलं. मग शेड बघायला आत आलेल्या साहेबांनी पट्ट्यांवरचं शेण पाहून चौकशी केली. विलासराव माइकशिवाय म्हणाले, “आमचं स्वतःचं काऊ-फ्रेंडली फ्लोअरिंग आहे, सर.” टाळ्या झाल्या. कन्सल्टंटनी वाढलेल्या दुधासोबत आपल्या डब्याचा फोटो काढला. कुणाच्या भाषणात माझं नाव आलं नाही. मी मागच्या रांगेत बसून पेढा खाल्ला आणि, खोटं कशाला सांगू, फार मोठी झाल्यासारखं वाटलं. एकही इंजेक्शन न देता मी एक गोठा बरा केला होता.

पावसाळ्यात एका गाभण गायीसाठी पुन्हा जाणं झालं. अंगात पिवळाजर्द रेनकोट होता. गेटवर तोच सिक्युरिटीवाला. मी सवयीने हेल्मेटसाठी हात पुढे केला.

“मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे पिवळं काढून आत जा. गायींना चालत नाही.”

मी रेनकोट काढला आणि भिजत आत गेले. आपला सल्ला कुणी मानला, याची खूण बहुधा अशीच असते: पहिला त्रास आपल्यालाच होतो.