तळ्यात अडकलेली बोट आणि काठावरचे रोडगे

यवतमाळला तळं पाहायला गेले आणि तळ्याच्या मधोमध बसून रोडगे जळताना पाहून आले, एवढंच सांगितलं तर आमच्या साताऱ्याच्या मंडळींना काही कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

दारव्ह्यापर्यंत एसटीने आले. तिथून जीपमध्ये बसले तेव्हा माझ्या मांडीवर माझी पिशवी होती आणि पिशवीवर शेजारी बसलेल्या बाईची कोंबडी. यवतमाळच्या बाजारपेठेत उतरले. कापडाची दुकानं, रसवंती, हॉर्नचा कलकलाट, आणि एक वळण घेतलं तर समोर एकदम पाणी! काठाला बाभळी, कडुनिंब, मध्ये कमळाच्या पानांची दाटी आणि त्यांवरून ऐटीत चालणारे पक्षी. शहराच्या पोटात असं काही असेल यावर माझा विश्वासच बसेना.

गजाननभाऊ काठावर वाट पाहत होते. पूर्वी ते साताऱ्यात आमच्या शेजारी राहायचे. नुकतंच त्यांच्या लेकीचं लग्न झालं. नवं जोडपं पुण्याला गेलं आणि मुलाचे आईवडील, म्हणजे भाऊंचे व्याही-विहीण, आज उमरखेडहून पहिल्यांदाच पाहुणचाराला आले होते. लग्नाच्या पंगतीत वरण अळणी होतं, ही कुजबुज उमरखेडपर्यंत पोचली होती. आज भाऊंना ती पुसून टाकायची होती. त्यासाठी रोडगे (कणकेचे तुपाचा हात लावलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजतात) ते स्वतः इथे काठावरच भाजणार होते. इकडे हे काम पुरुषांचं, आणि त्यात भाऊंचा हात धरणारं कोणी नाही, असं भाऊच म्हणाले. वहिनी वांग्याची भाजी आणायला घरी गेल्या होत्या.

रोडगे आरात पडले आणि नेमकी मला पाय मारायची बोट दिसली. माझे डोळे चमकले असावेत.

"ताई, तुमाले बोटीत बसाचं हाय ना? चाला. एक चक्कर मारू, तोवर हे एका बाजूनं होतात," भाऊ म्हणाले. मग व्याह्यांकडे वळून हात जोडले. "व्याहीबुवा, तुमी फकस्त बसा. कायले हात लावू नका."

व्याहीबुवा सतरंजीवर ताठ बसले. बोट थेट कमळांत शिरली आणि तिथेच रुतली. आम्ही जीव खाऊन पाय मारले. देठं आणखी गुंडाळली गेली. बोटवाला काठावरून ओरडला, "थांबा, दोर आणतो!" आणि दोर आणायला बाजारात गेला.

तेवढ्यात काठावर काळा धूर उठला.

"गजाननराव," व्याहीबुवा ओरडले, "जळून राह्यले न जी! उलटवू का?"

"नाई नाई!" भाऊ बोटीत उभेच राहिले. बोट कलली, मी देवाचं नाव घेतलं. "तुमी पाव्हने! तुमी चिमटा धरला तं माह्यी इज्जत काय राहीन?"

"बरं," म्हणून व्याहीबुवा पुन्हा बसले.

विहीणबाई उठायला लागल्या. "काहून जी, रोडग्याले समजते का कोन पाव्हना हाय थे?"

"बस गुमान," व्याह्यांनी त्यांचा पदर धरला. "व्याह्याचं नाक कापतं का?"

अशा रीतीने दोन्ही घरांची अब्रू सांभाळत रोडगे कोळसा झाले. भाऊ खाली बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, लेकीले सासरी काय आयकाव लागन आता?" मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं. फार वाईट वाटलं.

दोर आला, आम्ही ओढले गेलो. वहिनी भाजी घेऊन आल्या, रोडगे पाहून भाऊंकडे बघितलं आणि वाढायला बसल्या. व्याहीबुवांनी रोडगा फोडला. वर काळा, आत कच्चा. त्यांनी तो कुरुमकुरुम चावला. "खरपूस हाय," म्हणाले, आणि दुसरा मागितला. दातांवर काजळी, डोळ्यांत पाणी, तरी तिसऱ्यासाठी हात पुढे.

भाऊंना ते बघवेना. कणीक अजून शिल्लक होती. त्यांनी नवे गोळे केले, आरात टाकले, आणि चिमटा व्याह्यांपुढे धरला. "घ्या. इकडची बाजू तुमी पाहा."

"मंघानपासून वाटच पाहून राह्यलो न!" व्याहीबुवांनी बाह्या सरसावल्या. मग दोघे शेजारी बसले. मुलगा लहानपणी कसा हट्टी होता, मुलगी चहात किती साखर घालते, बोलणं रंगत गेलं, हसणं वाढत गेलं, आणि ती खेपही करपली.

या वेळी कुणी कुणाची माफी मागितली नाही. विहीणबाई आणि वहिनींनी दोघांना हुसकावून लावलं आणि तिसऱ्या खेपेला आम्ही पोटभर जेवलो.

साताऱ्याला परतल्यावर सगळे विचारतात, तळं किती मोठं, पाणी कसं, पक्षी कोणते. मला धड सांगता येत नाही. पण माझ्याही लेकीचं लग्न ठरतंय. व्याही पहिल्यांदा घरी आले, की त्यांना चहाच्या आधी कांदे चिरायला बसवायचं, हे मी पक्कं केलंय.