हिरव्या मण्यांचा देश

नवरा तिला चिडवायला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचा, आणि तिला ते मनातून आवडायचं. लग्नाआधी ती पार्सल ऑफिसात होती, त्यामुळे जगातल्या देशांची नावं पत्ते वाचून वाचून तोंडपाठ. शाळेत मुलांच्या पाठीवर ओझं पडतं, डोक्यात मात्र काही पडत नाही, असं तिचं ठाम मत. म्हणून दोन्ही मुली घरीच शिकत होत्या.

भूगोल तिचा लाडका. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी जगाचा नकाशा आणि खिळ्याला पंचरंगी जपमाळ. हिरवे मणी आफ्रिकेचे, तांबडे अमेरिकेचे, पांढरे युरोपचे, निळे महासागरातल्या बेटांचे, पिवळे आशियाचे. सकाळी रेडिओवर बातम्या लावायच्या. कुठे भूकंप, कुठे पूर, कुठे बोट बुडाली, की तो देश नकाशावर शोधायचा, राजधानी, नद्या, तिथला पालक संत पाठ करायचा, आणि संध्याकाळी त्या रंगाच्या मण्यांवर तिथल्या मृतांसाठी प्रार्थना. ख्रिस्ताचं शरीर एकच, तिकडे दुखलं की इकडे कळ यायला हवी, असं ती मुलींना सांगे. फादर तोंडभरून कौतुक करायचे, आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

नवरा बंदरात क्रेन दुरुस्त करायचा. एक दिवस हातांचं ग्रीस धूत तो म्हणाला, “अगं, सहा महिने बाहेर जायचंय. आफ्रिकेत.” त्याने देशाचं नाव घेताच थोरलीने नकाशावर बोट ठेवलं आणि राजधानी, नदी, बंदर धडाधड सांगून टाकलं. धाकटी ताटावरून तशीच उठली. बाबाची शेपूट ती, रुसली असेल, असं समजून आईने मनावर घेतलं नाही.

त्या संध्याकाळी हिरवे मणी धाकटीच्या वाट्याला आले. डोळे मिटून तिने ते एकेक सरकवले आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणाली, “प्रभू, माझ्या बाबाला चिरविश्रांती दे.”

बाबा तिच्या शेजारीच गुडघे टेकून होता. तो आधी हसला, मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

“अगं ए, बाबा जिवंत आहे!” थोरली ओरडली.

“अजून गेला नाही ना,” धाकटी म्हणाली. ती रडतसुद्धा नव्हती, तेच भयंकर होतं. “तिकडे सगळे मरतात. आईनेच शिकवलंय.”

“सगळे कुठे मरतात, बाळा!”

“मग जे मरत नाहीत ते काय करतात?”

तिथे मुलं सकाळी काय खातात, बायका कशावरून भांडतात, यातलं मास्तरीणबाईंना ओ की ठो ठाऊक नव्हतं. मेलेल्यांचे आकडे तेवढे पाठ. जग दाखवतेय म्हणून ती मिरवत होती, आणि पोरीला दाखवल्या नुसत्या कबरी. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती. ही पोर तर आताच बापाला पुरून मोकळी झाली होती.

नवऱ्याने समजावलं, आईने समजावलं. धाकटी निरोपालाही दाराशी आली नाही.

त्याचा पहिला फोन आला तेव्हा ती टेबलाखाली जाऊन बसली. आईने फोन स्पीकरवर टाकला. “अहो, तिकडची माणसं आत्ता काय करतायत, ते सांगा.”

“घरमालकीण कपडे वाळत घालतेय. कोंबडीने धुतलेल्या चादरीवर घाण केली, म्हणून तिला शिव्या देतेय. पायरीवर नात बसलीये.”

“केवढी आहे?” टेबलाखालून आवाज आला.

“तुझ्याएवढीच.” बाबा जरा अडखळला. “मी कुठून आलो ते ऐकून बघतच राहिली माझ्याकडे. म्हणाली, आम्ही चर्चमध्ये तुमच्या देशातल्या मृतांसाठी प्रार्थना केली होती. मग मला विचारते, तिकडे अजून कोणी जिवंत आहे का?”

धाकटी सरपटत बाहेर आली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. तिने फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

“बाबा, तिला सांग, मी आहे.”