जावेच्या सुनेचा डेटाबेस

आमच्या मच्छीमार संस्थेकडे सात तलाव आहेत. कोणत्या घराने कोणत्या तलावात कधी जाळं टाकायचं, ते आधी कोणाचं जाळं कधी पडलं त्यावरून, पाळीने ठरतं. ही पाळी वर्षानुवर्षं मी सांगत आले. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण वही माझ्याकडे. सकाळी माणसं माझ्या ओट्यावर येऊन विचारत, आणि मी सांगितलं की तेच खरं.

मग धाकट्या जावेच्या घरी बल्लारपूरची कॉम्प्युटर शिकलेली सून आली. संस्थेने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तिच्या हवाली केला आणि माझ्या वह्या त्यात उतरवायला सांगितल्या.

"आता तुमाले आराम, बाई," जाऊ म्हणाली.

आराम मी मागितला नव्हता. मला त्या पोरीचा हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही.

तिने एक फुकटचा डेटाबेस, म्हणजे कॉम्प्युटरातली वही, आणला. तो देशोदेशींच्या लोकांनी मिळून बनवला आहे आणि कोणीही उघडून बघू शकतो, असं तिने सांगितलं. बसवला, पण सुरूच होईना. वही देण्याच्या निमित्ताने मी रोज ऑफिसात जायची आणि पडद्यावरची लाल अक्षरं बघून यायची.

"आजही नाई का वो?"

"नाई, मोठीमाय."

तिसऱ्या दिवशी तिला कारण सापडलं. आधी कोणीतरी तसलाच डेटाबेस त्यात टाकून ठेवला होता. दोघांनाही एकाच दारातून बोलायचं होतं, त्या दाराला ती पोर्ट म्हणते. तिने जुना बंद केला आणि नवा चालू झाला. मी घरी येऊन भांडी आपटली.

मग तिने माझ्या सगळ्या वह्या, रोजचं जाळं न् रोजची मासळी, ओळीने टाईप केल्या आणि मला परत आणून दिल्या. पण पाळी विचारली की कॉम्प्युटर नुसता घुरघुरायचा. माणसाची चिलीम विझायची, तरी उत्तर नाही. माणसं परत माझ्या ओट्यावर यायला लागली. त्या दिवसांत मी आलेल्याला चहासुद्धा पाजला. आधी कधी पाजला नव्हता.

पोरीने डेटाबेसला जास्त मेमरी देऊन पाहिली, काढून पुन्हा बसवला. फरक पडला नाही. शेवटी ती माझ्याकडे आली. मागे जाऊ होती.

"मोठीमाय, तुमी येवढ्या लवकर कशा सांगता?"

मी गप्प राहायला हवं होतं. पण जाऊ ऐकत होती. मी वही काढली आणि पानांच्या कडेला बांधलेलं जाळ्याचं सूत दाखवलं. पहिल्या तलावाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा सातापर्यंत. प्रत्येक तलावाच्या पानांत घरं ओळीने.

"मी काई सारी वही वाचत बसत नाई. गाठ धरतो, घर पाहतो, झालं. तुह्या मशीनले येवढी अक्कल नाई का?"

पोरीने एकेक गाठ बोटाने चाचपली; टाईप करताना तिला ते नुसतं बांधणीचं सूत वाटलं होतं.

"मंजे मी त्याले एकेका घरासाठी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाले लावून राह्यली होती!" म्हणाली आणि पळाली.

तिने तलाव आणि घर यांचा इंडेक्स बनवला. म्हणजे माझ्याच गाठी, फक्त तिच्या नावाच्या. बोट उचलायच्या आत उत्तर यायला लागलं.

संस्थेच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं, "हे मोठीमायनं शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावेने सगळ्यात जास्त वाजवल्या. पोरीने श्रेय चोरलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तीही सोय तिने ठेवली नाही.

परवा शेजारचा भाऊ ओट्यासमोरून चालला होता.

"कुठी चालले, भाऊ?"

"पाळी पाहाले, बाई. तुमाले काऊन तरास द्याचा?"

"तुमची सोमवारी. मोठ्या तलावात."

"असं का," तो म्हणाला, हसला, आणि खात्री करायला ऑफिसातच गेला.