दगडू, थांब!

भूत, करणी, भानामती… असलं काही मी जन्मात मानलं न्हाय. गावात कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचो, पोटभर भाकरी घाला, उतरंल. आजबी तेच म्हणतो. पण एक गोष्ट घडली ती घडली. माझी बायको हौसा यंदा चैत्रात गेली. ती होती तोवर हे कुणाला सांगू द्यायची न्हाय, लाजायची. का, ते कळंलच. निजामाच्या शाळेत मी उर्दूच्या अलिफ-बेपाशीच अडकलो, मराठी अक्षरं मागनं जुळवली. चुकलं तर समजून घ्या.

गाव आमचं तेर. तेरणेच्या काठाला आमची विहीर आणि तिच्यावर मोट. आता कुणी मोट बघितली नसंल म्हणून सांगतो — बैल उतारानं पुढं गेले की पाण्यानं भरलेली कातड्याची मोट वर येती, रिकामी होती. मग बैल उलट्या पावलानं मागं आणायचे, विहिरीच्या तोंडापर्यंत. तिथं हाकणाऱ्यानं थांबवलं न्हाय, तर बैल आणि माणूस दोघं आत.

रजाकार येणार, रजाकार येणार, अशी आवई रोज उठायची ते दिवस. आम्ही तरणी पोरं रातभर वेशीवर पहारा द्यायचो आणि दिवसा शेतात राबायचो. झोप नावाला नव्हती. हौसा पोटुशी, म्हणून तिला नळदुर्गला माहेरी धाडली होती.

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, आदला दिवस. सकाळची वेळ. मोटेवरचं गाणं म्हणत होतो, आणि मधेच वाटलं, हे गाणं दुसराच कोणतरी म्हणतोय. आवाज माझाच, पण लांबून. कासऱ्यावरच्या हाताकडं बघितलं… हात कुणाचा? लिंबाचं झाड, ज्वारी, बैल — सगळं जत्रेतल्या पडद्यावर रंगवल्यागत. चक्कर न्हाय, ताप न्हाय, शिंदीच्या दारूला मी कधी शिवलो न्हाय. भीतीबी वाटंना, हेच वंगाळ. बैल मागं सरकत होते आणि मी गंमत बघत होतो, की हा माणूस आता विहिरीत जाणार.

"दगडू, थांब!"

कानाशीच. आवाज हौसाचा.

दगडू माझं नाव. अशी एकेरी हाक एक आई मारायची, ती कवाच वारलेली. बायकोनं नवऱ्याचं नाव घेणं त्या काळी काय होतं, ते म्हाताऱ्यांना विचारा. लग्नात हौसानं उखाणा घेतला तोबी पदर तोंडात घालून, नाव कुणालाच ऐकू गेलं न्हाय. त्या हाकेनं मी खाडकन माझ्यात आलो. "हो हो हो" करत कासरा ओढला. डाव्या बैलाचा खूर पार काठावर. खालचा दगड सुटला, पाण्यात पडला. तवा कुठं भीती वाटली.

मागं बघितलं, चिटपाखरू न्हाय.

पुढं पोरगा झाला, मी नळदुर्गला न्यायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "जावईबापू, लेकीला जरा वळण लावा. येळवशीच्या आदल्या दिशी सकाळी शेजारणी बाजरीचे उंडे करायला बसलेल्या, आणि ही त्यांच्यापुढं मोठ्यानं तुमचं नाव घेती! वर 'थांब' म्हणती! थांबा बी न्हाय!"

"आई, गप की गं," हौसा लालेलाल. "मला काय ठावं? पीठ मळताना तोंडातनं निघालं."

मी विहिरीचं सांगितलं. सासूबाईंनी उठून आमची दृष्ट काढली. हौसा एवढंच म्हणाली, "आता परत न्हाय घेणार."

आणि न्हाईच घेतलं. मरेपर्यंत "अवं, ऐकलं का?" मीबी तसलाच, आयुष्यभर "अगं ए."

ती गेल्यावर तेच परत सुरू झालं. ओट्यावर बसलोय, हातात चहाची बशी, आणि हात माझा न्हाय. घर रंगवलेलं. थोरल्यानं, तवा पोटात होता त्यानंच, सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर चांगला माणूस. म्हणाला, "आबा, हे वेड न्हाय. मेंदूत माया, भीती वाटायला लावणारा एक भाग असतो. लई ताण आला, जागरण झालं, दुःख झालं, की मेंदूचाच पुढचा भाग त्याला दाबून धरतो, असं आम्ही समजतो. डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं, पण हे माझं, हे खरं, असं वाटत न्हाय."

"म्हणजे बैल चालतायत, मोटेचा दोर वर येतोय, पण मोट रिकामी."

"अगदी तसंच," डॉक्टर हसला. "आणि तो आवाजबी तुमच्याच मेंदूनं काढला असंल."

"असंल. मग नळदुर्गात तिच्या तोंडातनं कुणी काढला?"

"ते मला न्हाय सांगता येणार, आबा."

खरं बोलला.

परवा सकाळी बशीतनं चहा पिताना ते परत आलं. मी हाकेची वाट बघत बसलो. पण मला दगडू म्हणणारं आता कोण राहिलंय? सगळे आबाच म्हणतात. हाक काही आली न्हाय. मग मीच जोरात ओरडलो —

"हौसा!"

जन्मात पहिल्यांदा. सून पळत बाहेर आली. "आबा, कुणाला हाक मारली?"

"तुझ्या सासूला."

बशी हिंदकळली, चहा मनगटावर सांडला, चांगला चटका बसला. हात माझाच होता.

तवा माझं नाव तेरपर्यंत कसं आलं, ह्याचा उलगडा मला झाला न्हाय, डॉक्टरलाबी न्हाय. परवा तिचं नाव कुठवर गेलं, तेबी ठावं न्हाय. कुठं पीठ मळत बसली असंल, तर दचकली असंल एवढं खरं.