आत्याने प्यायलेलं पाणी

आमच्या थोरल्या आत्याइतकी स्वच्छ आणि आत्याइतकी निर्लज्ज बाई आटगावपासून खर्डीपर्यंत झाली नाही, असं मी बेधडक सांगतो. ती मीठसुद्धा धुवून घ्यायची, आणि ते पाण्याबरोबर वाहून गेलं की वाण्याच्या नावाने खडे फोडायची. मी मुरबाडला शाळामास्तर होतो. आतोबा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची; सुट्टीला घरी आलो की अंगणातच डोक्यावर कळशी ओतली जायची, त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तिच्या तांब्याला परक्याचा हात लागला तर तांब्या निखाऱ्यात जायचा. आणि तोंडाचं काय सांगू? आल्यागेल्याला रामराम करायची तिची रीतच नव्हती. "कोठा साफ झाला का?" हाच तिचा नमस्कार. दौऱ्यावर आलेल्या मामलेदारालाही तिने भर गावात हेच विचारलं. साहेब लाजले, पण "हो" म्हणाले. तेव्हा कुठे तिने "मग बसा" म्हणून घोंगडी अंथरली.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शेजारचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. शिमग्याला येऊन गेला आणि पावसात भाताच्या आवणीला परत आला, तेव्हा त्याची बायको चार महिन्यांची पोटुशी होती आणि तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं. वैद्याने गरमी, म्हणजे उपदंश, असल्याचं सांगितलं. आता ही सूनबाई गाव सोडून कधी कुठे गेली नव्हती, मग गरमी आली कुठून? सासूने शोध लावला की ओढ्यावर धुण्याच्या दगडावर कुणी वाटसरू बसून गेला असणार, आणि त्याच दगडावर ही बसली. आमच्याकडे सगळ्यांचीच तशी समजूत. सासऱ्याने पहार घातली आणि तो दगड उखडून डोहात लोटून दिला. गावातल्या बायकांना धुणं आपटायला जागा उरली नाही, पण अक्कल गाजवल्याचं समाधान मोठं होतं. सुनेला गोठ्यात ठेवलं, वेगळं मडकं दिलं, आणि सिद्धगडाखाली तिचं माहेर होतं तिथे कायमची पोचवायला एके सकाळी गाडी जुंपली.

आळी जमली. आत्याही आली. मला वाटलं, ही आता नाकाला पदर लावून चार हात लांब उभी राहणार. ती सरळ गोठ्यात शिरली, रडणाऱ्या पोरीच्या मडक्यात तिचीच वाटी बुडवली आणि घटाघटा पाणी प्यायली. मी हबकलोच. सासूने तोंडावर हात घेतला.

"दगडानं नाय होत ही," आत्या बाहेर येऊन म्हणाली. "पाण्यानं नाय, लुगड्यानं नाय, पाटावर बसून नाय. बाईपुरुष एकत्र निजले का ही होते. मग आईची पोटातल्या लेकराला होते." आणि गिरणीवाल्याकडे वळून तिने विचारलं, "मुंबईला कुणाकडं जात होतास रे?"

आईबापांच्या देखत, भर अंगणात! धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"बाय, तुझ्या जिभेला हाड हाय का?" सासरा गरजला.

"माझ्या जिभेचं ऱ्हाऊ दे, दादा. पोराला विचार."

पोरगा पायांकडे बघत पुटपुटला, "मला झाली होती. पण बरी झाली आपोआप."

"बरी नाय झाली, आत लपली. आता दोघांनी पण सुया घ्यायच्या. तिनं एकटीनं घेतल्या तर तू परत देशील. आणि आत्ताच घ्यायच्या, लेकरू जगायला पाहिजे तर."

सासरा गाडीच्या वाटेतून बाजूला झाला. पोरगा खाली मान घालून बायकोशेजारी गाडीत बसला. गाडी माहेरच्या वाटेला न जाता आटगाव स्टेशनाकडे वळली. आत्या त्या दोघांना घेऊन कल्याणच्या दवाखान्यात गेली. सोबतीला मी होतो.

त्यांना तिथे ठेवून परतताना मी विचारलं, "आत्या, तुला हे सगळं कसं ठाऊक?"

"तुझ्या आतोबांनी दिली ना मला," ती भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली. "दोन लेकरं मेलेलीच झाली. मग डाक्तरनं सांगितलं. तवर मी गोठ्यात, आन ते घरात ताटावर."

आमच्या घरात तिला वांझ म्हणत. डोहाळजेवणाला नाही, बारशाला नाही, ओटी भरायला तर नाहीच नाही, तिला कुणी म्हणजे कुणी बोलवत नसे. साऱ्या गावाच्या पोटाची चौकशी करणाऱ्या या बाईने स्वतःच्या पोटचं दुःख कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पोरीला मुलगा झाला. बारशाच्या सकाळी ती स्वतः बाळ घेऊन आमच्या दारी आली आणि तिने ते आत्याच्या मांडीवर ठेवलं. सासू मागे उभी होती. आत्याने त्याचे तळहात पाहिले, तळवे पाहिले, पुरळ शोधत अंगावरून बोट फिरवलं.

"चांगला हाय गो," ती म्हणाली.

पोरीने बाळ घ्यायला हात पुढे केले. आत्याने ते लवकर परत दिलं नाही.