खड्ड्यात ठेवलेली टपालाची थैली

देवाने लायमन फिचला दोन धड हात आणि दोन धड पाय दिले होते. त्यांचं काय करायचं, हे मात्र त्याने देवाला कधी विचारलं नाही. अठराशे एकोणपन्नास साली तो व्हर्मॉन्टहून कॅलिफोर्नियात उतरला, तो वर्षभरात पोत्याने सोनं घेऊन परतायच्या बेताने. तीन वर्षांत त्याने अकरा खड्डे खणले. खणले हे आपलं म्हणायचं. खड्डा गुडघाभर झाला की त्याला पलीकडच्या ओढ्यावरची माती जास्त पिवळी दिसू लागे. शेवटी कुदळ-फावडं विकून त्याने एक खेचर घेतलं आणि टपाल आणायचं काम धरलं. ड्राय फोर्कच्या वस्तीतल्यांची नावं लिहून घ्यायची, सॅन फ्रान्सिस्कोच्या कचेरीत रांग लावून त्यांची पत्रं सोडवायची आणि डोंगरात आणून पत्रामागे दोन डॉलर घ्यायचे. गळ्यात लाल रुमाल, हातात पितळी भोंगा. भोंगा वाजला की दाढीवाले बाप्ये लेकरांसारखे धावत आणि हा खेचरावरून अशा तोऱ्यात नावं पुकारी, जणू सगळी पत्रं यानेच लिहिली आहेत.

खाणावळ चालवणाऱ्या केझाया बर्डिकला तो डोळ्यांसमोर नको असे. तिच्याकडे प्रार्थना झाल्याशिवाय पावाला कुणी हात लावायचा नाही. फिच डोळे मिटायच्या वेळी दोन पाव खिशात घाली.

"बर्डिकबाई, देव माझ्या ओळखीचा आहे. तो नाही रागावत."

"ओळख असती तर त्याने तुला एवढं मोकाट सोडलं नसतं."

पण त्या ऑगस्टात तिलाही त्या भोंग्याकडे कान लावून बसावं लागलं. नवरा तापाने गेल्यावर तिने बहिणीकडे ठेवलेल्या सबराला, नऊ वर्षांच्या लेकीला, बोलावून घेतलं होतं. ऑरेगॉनला निघालेल्या एका पाद्र्याच्या कुटुंबाबरोबर पोरगी यायची होती. जहाज सॅन फ्रान्सिस्कोला कधी लागणार, ते बहीण पत्राने कळवणार होती. धक्क्यावर आई दिसली नाही तर पाद्री तिला पुढे ऑरेगॉनला नेणार, असं ठरलं होतं.

फिचचा मंगळवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. शनिवारी सोनोराचा सिप्रियानो खेचरांवर पीठ लादून आला.

"फिच नाही दिसला, सेन्योरा. त्याची थैली दिसली. वाटेवर ओक वळणाला, खड्ड्यात."

"खड्ड्यात? पडली?"

"ठेवली. तिथे काठीने उकरताना सोनं लागलं म्हणे. फिचकडे अवजार कुठलं? त्याच्या जागी थैली टाकली खड्ड्यात नि गेला कुदळ मागायला. बारा दिवस झाले."

डोंगरात कायदा असा, की ज्याचं अवजार खड्ड्यात, त्याचा खड्डा. त्या अवजाराला हात लावणाऱ्याच्या गळ्यात दोर पडायला वेळ लागत नसे. म्हणून घरच्या चार ओळींसाठी रात्री उशीत तोंड खुपसून रडणारे हे शूर गडी बारा दिवस त्या थैलीला वळसा घालून जात-येत होते.

"मग तू का नाही आणलीस?"

"मी मेक्सिकोचा. मला तर त्यांनी कारणही विचारलं नसतं."

केझाया जेवणाऱ्यांकडे वळली. म्हातारा टोबायस ग्रिम्स ताटातून मान वर न काढता म्हणाला, "बाई, अवजार ते अवजार."

"थैलीने खणतोस का तू, टोबायस?"

"नियम काय मी केलाय?"

"नियम करणारे सगळे इथे बसून माझं डुकराचं मांस चापतायत. कुणी येतंय बरोबर?"

कुणी आलं नाही. चमच्यांचा आवाज मात्र वाढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी ती चूलसुद्धा पेटवत नसे, मग प्रवास कुठला. पहाटे तिने गुडघे टेकून देवाला सांगितलं, की आजचा वार मी मोडणार आहे, त्याचा हिशेब माझ्याकडे माग, पोरीकडे नको. सिप्रियानोचं खेचर घेऊन ती दुपारी वळणावर पोचली आणि घागरा वर खोचून खड्ड्यात उतरली. फिचच्या पद्धतीप्रमाणे तो गुडघाभरच होता.

आसपास खणणारे पाच-सहा जण फावडी घेऊन काठावर आले. "बाई, खड्डा फिचचा आहे."

"खड्डा ठेवा त्याला. त्याच्या लायकीचा आहे." तिने थैलीचं तोंड सोडलं आणि वरचं पाकीट उचललं. "एलिहू स्टॅग! आहे का इथे?"

एक फावडं खाली पडलं. "मी! मीच तो!"

पुढे कायदा कुणालाच आठवला नाही. तिचं पत्र तळाशी होतं. जहाज अठरा तारखेच्या सुमारास लागेल, बहिणीने लिहिलं होतं. आज पंधरा. ती वस्तीवर परतलीच नाही. तशीच खाली सॅक्रामेंटोच्या वाटेला लागली, तिथून नदीतल्या बोटीने सॅन फ्रान्सिस्को गाठायला.

फिच सोमवारी उसनी कुदळ घेऊन उगवला. खड्ड्यात दोन आयरिश भाऊ उभे. त्याने कपाळ बडवून घेतलं, धर्म पाळणाऱ्या बाईने नशीब लुटलं म्हणून ओरडला. पत्रांचं काय झालं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. त्या भावांना महिनाभर खणून घोटाभर पाणी तेवढं लागलं, पण फिच पुढची वीस वर्षं प्रत्येक गुत्त्यात त्या खड्ड्याची दौलत वाढवत राहिला आणि ती ऐकणारे त्याला दारू पाजत राहिले. तशांना तसे भेटतातच.

केझाया एकोणीसला सकाळी धक्क्यावर पोचली. पाद्र्याच्या पेट्या ऑरेगॉनच्या बोटीवर चढत होत्या. शेवटच्या पेटीवर सबरा बसली होती. धुळीने माखलेली ही बाई जवळ येताच तिने पाद्र्याच्या बायकोचा हात धरला. चार वर्षांत आईचा चेहरा पुसट झाला होता.

"तुम्ही केझाया बर्डिक का?" पोरीने विचारलं.

"हो."

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मग पेटीवर थोडी सरकली आणि तिने शेजारी जागा करून दिली.